‘ताप’ ते ‘ए २०’ : सातारा-सांगलीत आरोग्याची नोंद लिहायला कोण शिकले?

१/
शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची गावची मृत्यू-नोंदवही उघडली, की मरणाच्या कारणाच्या रकान्यात एक शब्द पुन्हा पुन्हा भेटतो : ‘ताप’. हिवताप, विषमज्वर, बाळंतरोग, क्षय, इन्फ्लुएंझा असे कितीतरी आजार त्या एका शब्दाच्या पोटात गेले आहेत. आज त्यांतील प्रत्येकाला स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संकेतांक आहे. प्लेगचा ‘ए २०’, पटकीचा ‘ए ००’. एका शब्दापासून संकेतांकांपर्यंतचा हा प्रवास संगणकाने घडवला असे सहज वाटते. प्रत्यक्षात तो नोंद लिहिणाऱ्या हाताच्या शिक्षणाचा इतिहास आहे. तो हात कोणाचा होता, त्याला काय शिकवले गेले आणि जे शिकवायचे राहून गेले त्याची किंमत कोणी मोजली, याची ही हकिकत.

२/
प्रथम भूगोल. आजचे सातारा आणि सांगली हे जिल्हे पूर्वी या रूपात नव्हते. १८४८ मध्ये छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज निवर्तले आणि डलहौसीने सातारचे राज्य खालसा केले. पुढे बनलेल्या ब्रिटिश सातारा जिल्ह्यात तासगाव, वाळवा, खानापूर हे आज सांगलीत असलेले तालुकेही होते. खुद्द सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थाने होती. आजूबाजूला औंध, फलटण, जत अशी आणखी संस्थाने. कृष्णा नदी एकच, पण तिच्या दोन्ही तीरांवर दप्तरे अनेक.

३/
साथीचा रोग संस्थानाची हद्द ओळखत नाही. नोंदवही मात्र हद्दीशी थांबते. वरच्या गावात पटकीने माणसे दगावू लागली, तर खालच्या गावाला त्याची वर्दी वेळेत मिळणे हा जीवनमरणाचा प्रश्न असे. आरोग्याच्या माहितीचे मोल इथेच कळते. कोण आजारी पडला, कशाने पडला, कुठे आणि केव्हा, ही चार उत्तरे एका ठिकाणी जमली तरच पुढचा बळी टाळण्याची शक्यता निर्माण होते. ही उत्तरे जमवण्याची पहिली पद्धतशीर खटपट एका लसीमुळे सुरू झाली.

४/
भारतात देवीची पहिली यशस्वी लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. लसीचा मूळ द्रव बगदाद-बसरामार्गे आला होता. त्या काळी बर्फाची पेटी नव्हती. एका मुलाच्या दंडावर उठलेल्या फोडातील लस दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला, अशी साखळी जिवंत ठेवावी लागे. आठवडाभरात पुढचे मूल मिळाले नाही, तर साखळी तुटे. त्यामुळे कोणत्या गावात कोणत्या घरी मूल आहे, त्याला देवी येऊन गेल्या आहेत की नाहीत, याची यादी ही लसीइतकीच आवश्यक वस्तू ठरली.

५/
ग्रामीण महाराष्ट्र या लस टोचणाऱ्या सरकारी नोकराला ‘देवी डॉक्टर’ म्हणे. तो डॉक्टर नसे. पण टोचायचे कसे, आठवड्याने परत येऊन लस ‘लागली’ की नाही हे कसे पाहायचे आणि पाहिलेले रकान्यात कसे मांडायचे, एवढे त्याला शिकवलेले असे. मुलाचे नाव, वय, गाव, टोचल्याचा दिवस, परिणाम. आजची आशाताई लसीकरणाच्या नोंदीत जे भरते, त्याचा सांगाडा तेव्हाच तयार झाला. या प्रदेशात आरोग्याची माहिती लिहिण्यासाठी मुद्दाम घडवलेला पहिला माणूस शोधायचा झाला, तर तो हाच.

६/
जन्म आणि मृत्यू यांची गोष्ट निराळी. १८६४ मध्ये तिन्ही इलाख्यांत आरोग्य आयोग नेमले गेले. १८५७ नंतर हिंदुस्थानात गोऱ्या सैनिकांचे रोगाने होणारे मृत्यू हा इंग्लंडमध्ये चिंतेचा विषय झाला होता आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी आकडेवारीचा सतत आग्रह धरला होता. सैनिकाभोवतीचे गाव निरोगी नसेल तर छावणी निरोगी राहणार नाही, हे पटल्यावर गावच्या मृत्यूंची मोजणी आली. हे काम पडले पोलीस पाटलाच्या गळ्यात. १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्याने गावकीतले त्याचे स्थान आधीच कायदेशीर चौकटीत बसवले होते.

७/
पाटील वर्दी द्यायचा आणि लेखणी बहुधा कुळकर्ण्याच्या हाती असायची. कुळकर्णी जमीन, सारा, बाकी यांचा जाणकार. मोडीत झरझर लिहिणारा, हिशेबात पक्का. त्याच्यापुढे सरकारी तक्त्याने मृत्यूच्या कारणांचे मोजके रकाने ठेवले : पटकी, देवी, ताप, हगवण, इजा आणि इतर. पटकी आणि देवी गावात कोणालाही ओळखू येत. साप चावला किंवा विहिरीत पडला तर इजा. उरलेला जवळजवळ प्रत्येक मृत्यू ‘तापा’त जाई, कारण मरण्यापूर्वी अंग बहुतेकांचे तापतेच. हा कुळकर्ण्याचा आळस नव्हता. लक्षण आणि रोग यांतला भेद त्याला कोणी शिकवलाच नव्हता.

८/
१८८५ मध्ये मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सातारा जिल्ह्यावरील एकोणिसावा खंड प्रसिद्ध झाला. अभ्यासक आजही तो उघडतात. अशा ग्रंथांतील आरोग्याचे आकडे छापील आणि निश्चित दिसतात, पण त्यांचा उगम शेवटी त्या गावच्या दप्तरातच. दुसऱ्याच वर्षी, १८८६ मध्ये, जन्म-मृत्यू-विवाह नोंदणीचा अखिल भारतीय कायदा आला. त्यात नोंदणी ऐच्छिक होती. म्हणजे तक्ता होता, कायदा होता, वरचा अधिकारी होता. लिहिणाऱ्याचे प्रशिक्षण तेवढे कोणाच्या यादीत नव्हते. या व्यवस्थेची खरी परीक्षा दहाच वर्षांत झाली.

९/
सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. त्या काळी रेल्वे जिकडे जाई तिकडे प्लेग जाई, आणि पुढच्या काही वर्षांत सातारा हा इलाख्यातील फार होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक ठरला. उंदीर पडू लागले की लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहत. रिकाम्या गावात वर्दी कोण देणार आणि ती लिहिणार कोण? साताऱ्याच्या नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी पुण्यात रुग्णसेवा करताना प्लेगनेच गेल्या. त्यांचे मरण इतिहासाला ठाऊक आहे. त्याच वर्षांत मेलेल्या असंख्य सामान्यांचे मरण कागदावर आलेच नाही.

१०/
ते न येण्याचे कारण केवळ पळापळ नव्हते. घरझडत्या, सक्तीचे विलगीकरण, प्रेतांची तपासणी यांनी लोक धास्तावले. पुण्यातील अत्याचारांच्या संतापातून २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हे सर्वश्रुत आहे. त्या संतापाची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. लोक रोगी लपवू लागले, मृत्यू दडवू लागले. ज्या नोंदीमुळे घर जाळले जाईल किंवा माणूस तोडून नेला जाईल, ती नोंद कोण देईल? माहिती विश्वासाने मिळते, जबरदस्तीने आटते. आरोग्य-नोंदींच्या शिक्षणातील हा पहिला धडा प्लेगने दिला, आणि तो फार महाग पडला.

११/
१९०१ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ११,४६,५५९ भरली. दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत ती सुमारे सहा टक्क्यांनी घटली होती. दुष्काळ आणि प्लेग दोन्ही त्या दशकातले. जनगणना दर दहा वर्षांनी फक्त शिल्लक मोजते. मधल्या काळात कोणत्या महिन्यात, कोणत्या गावात, कशामुळे माणसे गेली, हे सांगण्याचे काम नोंदवहीचे. ती गप्प राहिली तर शिल्लक कळते, खर्चाचा तपशील मात्र कायमचा हरवतो.

१२/
सर्वांत मोठा तपशील १९१८ मध्ये हरवला. इन्फ्लुएंझाची दुसरी लाट त्या शरद ऋतूत मुंबई इलाख्यातून पसरली. नोंदवहीत त्यासाठी वेगळा रकाना नव्हता. बहुतेक मृत्यू पुन्हा ‘तापा’त गेले. वर्दी देणारे पाटील आणि लिहिणारे कारकूनही आजारी पडले. तत्कालीन सरकारी अंदाजाने हिंदुस्थानात सुमारे ६० लाख माणसे दगावली. पुढच्या अभ्यासकांनी हाच आकडा १ कोटी २० लाख ते २ कोटींच्या दरम्यान धरला. दोन अंदाजांतील हे अंतर किमान साठ लाखांचे आहे. एवढी माणसे जगली होती आणि मेली होती. कागदाला त्याचा पत्ता नव्हता.

१३/
याच काळात मिरजेत एक वेगळी शाळा उभी राहत होती. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे हिंदुस्थानात आले. सुरुवात सांगलीत, मग मुक्काम मिरजेला. १८९४ मध्ये रुग्णालय सुरू झाले आणि १८९७ मध्ये वैद्यकीय शाळा. मिरज रेल्वेचे जंक्शन असल्याने रुग्ण लांबलांबून येत. पुढे मिरज आणि सांगलीच्या दरम्यान क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम निघाले. त्या परिसराला आजही वानलेसवाडी म्हणतात. १९२८ मध्ये वानलेस यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

१४/
या रुग्णालयांनी नोंदीचे स्वरूपच पालटले. गावची नोंदवही मेलेल्यांची होती. रुग्णालयाचा कागद जिवंत माणसाचा. तक्रार काय, तपासणीत काय दिसले, शस्त्रक्रिया कोणती, कोणत्या दिवशी ताप किती होता. क्षयाच्या आरोग्यधामात तर रोगी महिनोन्‌महिने राहत असल्याने ताप आणि वजन यांचा तक्ता हाच डॉक्टरचा मुख्य आधार. पाचगणीलाही १९१२ मध्ये डॉ. बिलिमोरिया यांनी ‘बेल-एअर’ आरोग्यधाम काढले. इथे शिकणारे डॉक्टर, परिचारिका, कंपाउंडर ‘ताप’ हा शब्द अंशांत लिहू लागले. लक्षण आणि रोग वेगळे काढण्याची सवय लागण्याचे ठिकाण हे.

१५/
तरीही प्रश्न उरला : शिकणार कोण? लेखणी काही मोजक्या घरांतच होती. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले येथे भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापली. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह उभे राहिले. तिचा आरोग्य-नोंदींशी थेट संबंध दिसत नाही, पण आतून तो घट्ट आहे. शेतकरी-कष्टकरी घरांतील मुले लिहू-वाचू लागली, म्हणूनच पुढे त्याच गावांतून शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेवक आणि परिचारिका मिळू शकल्या. रकाना भरणारा माणूस ज्याची नोंद होते त्याच्या घरातला असेल, तर नोंद अधिक खरी होते.

१६/
स्वातंत्र्यानंतर दप्तरे एक झाली. ८ मार्च १९४८ रोजी दख्खनची संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. १ ऑगस्ट १९४९ रोजी उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले. २१ नोव्हेंबर १९६० पासून दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली पडले. मधल्या काळात, १९५० च्या कायद्याने, कुळकर्णी वतन संपुष्टात आले. मोडीही सरकारी कामकाजातून मागे पडली आणि बाळबोध आली. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे त्यांच्याकडे गेली. लेखणी वंशपरंपरेच्या हातून पगारी, शिकलेल्या हाती आली.

१७/
१९४६ च्या भोर समितीने देशातील जन्म-मृत्यूंची आकडेवारी किती तोकडी आहे हे बजावलेच होते. १९६१ मध्ये दिल्लीत केंद्रीय आरोग्य माहिती संस्था, म्हणजे सेंट्रल ब्युरो ऑफ हेल्थ इंटेलिजन्स, स्थापन झाली. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय आणि पुदुच्चेरीचे जिपमेर येथे मेडिकल रेकॉर्ड ऑफिसर व टेक्निशियन यांचे प्रशिक्षण पुढे याच संस्थेच्या छत्राखाली चालू लागले. १९६२ मध्ये मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेही वानलेसांच्या रुग्णालयाशी सहकार्य करून. १९८४ मध्ये कराडला कृष्णा वैद्यकीय संस्था उभी राहिली. जिथे शिकवणारे रुग्णालय, तिथे केसपेपरांचे डोंगर, आणि ते राखणारा विभाग आलाच.

१८/
या विभागात काम करणाऱ्याला काय शिकावे लागते? शरीररचनेची आणि रोगांची परिभाषा, म्हणजे डॉक्टरचे अक्षर व संक्षेप उलगडतील. अपुरा केसपेपर ओळखून तो पूर्ण करून घेण्याची शिस्त. हजारो कागदांतून एक कागद मिनिटांत काढता येईल अशी मांडणी. मासिक गोषवारा. न्यायालयाने मागितल्यास कागद सादर करण्याची रीत, आणि इतर कोणी मागितल्यास तो न देण्याची. त्याचबरोबर रोगांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण. त्याची मुळे १८९३ मधील जॅक बर्तियाँ यांच्या मृत्यूकारणांच्या यादीत आहेत. जे सहा रकाने कुळकर्ण्याला न समजावता दिले गेले, त्यांची जागा आता हजारो संकेतांकांनी घेतली आणि ते लावण्याचा अभ्यासक्रम झाला.

१९/
१९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १ एप्रिल १९७० पासून महाराष्ट्रात लागू झाला आणि नोंदणी सक्तीची झाली. गावात ग्रामसेवक निबंधक झाला. मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला आला. तरी जुना ‘ताप’ नव्या वेषात परतला. कारणाच्या जागी ‘हृदयक्रिया बंद पडून’ असे लिहिण्याची सवय लागली. मरताना प्रत्येकाचेच हृदय बंद पडते. ती मरणाची रीत झाली, कारण नव्हे. दाखल्याच्या सूचनांतच असे लिहू नये असे बजावलेले आहे. मधुमेहाने मूत्रपिंड निकामी होऊन गेलेला रुग्ण आणि हिवतापाने गेलेला रुग्ण एकाच शब्दाखाली झाकले गेले, तर सरकार पैसा कोठे खर्च करणार?

२०/
नोंद नीट झाली तर ती समाजाचे तोंड आरशात दाखवते. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुली सांगलीत ८५१ आणि साताऱ्यात ८७८ होत्या. सुपीक, सहकाराने समृद्ध, शिकलेल्या कृष्णाकाठचे हे आकडे. गर्भलिंग निदानाविरुद्ध १९९४ मध्ये कायदा झाला होता. त्यानुसार गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीसाठी ‘एफ’ अर्ज भरणे बंधनकारक आहे. मार्च २०१७ मध्ये मिरजेजवळच्या म्हैसाळला १९ भ्रूण पुरलेले सापडले आणि राज्य हादरले. अर्जाचा रकाना कारकुनी वाटतो. तो खरा भरला जातो की नाही यावर कोणाचा जन्म अवलंबून असतो, हे त्या दिवशी कळले.

२१/
साताऱ्याची आणखी एक नोंद. मुलगाच हवा असलेल्या घरात आणखी एक मुलगी झाली की तिचे नाव ‘नकुशी’ किंवा ‘नकोसा’ ठेवण्याची रीत काही गावांत होती. नाव जन्माच्या नोंदीत, अंगणवाडीत, शाळेच्या पटावर तसेच चढे. जिल्ह्याच्या आरोग्य विभागाने अशा मुलींचा शोध घेतला आणि २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यातील समारंभात २८५ मुलींना नवी नावे मिळाली. वर्षानुवर्षे ते नाव कितीतरी हातांनी लिहिले असेल. कोणीतरी थांबून ते वाचले, मोजले आणि त्यात प्रश्न पाहिला. माहिती भरणे आणि माहिती वाचता येणे ही दोन निराळी कौशल्ये आहेत. दुसरे शिकवणे अधिक अवघड असते.

२२/
नोंद वाचता येणाऱ्यांनी साथ कशी अडवली याचे उदाहरणही याच मातीत आहे. मार्च २०२० मध्ये परदेशातून परतलेल्या एका कुटुंबामुळे सांगलीच्या इस्लामपुरात करोनाचे पंचवीसच्या आसपास रुग्ण आढळले. कोण कोणाला भेटले, कोणाच्या घरी गेले, याच्या याद्या घरोघर फिरून तयार झाल्या. त्या परिसराची हद्द बंद झाली आणि ती साखळी तिथेच रोखली गेली. राज्यभर त्याची ‘इस्लामपूर पॅटर्न’ म्हणून चर्चा झाली. देवी डॉक्टर लसीची साखळी जिवंत ठेवण्यासाठी यादी करत असे. इथे यादी रोगाची साखळी तोडण्यासाठी होती. हत्यार मात्र तेच.

२३/
दरम्यान वही पडद्यावर आली. २०१२ पासून क्षयरोग्याची माहिती सरकारला कळवणे सक्तीचे झाले आणि ‘निक्षय’ प्रणाली आली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रुग्णालयाच्या दारातच ‘आरोग्यमित्र’ बसू लागला. फुल्यांचे मूळ गाव कटगुण साताऱ्यातलेच. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन सुरू झाले आणि चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक आला. एकच आजार वेगवेगळ्या रुग्णालयांच्या संगणकांना एकाच अर्थाने कळावा यासाठी ‘स्नोमेड’ ही परिभाषा वापरतात. तिचे भारतासाठीचे राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे.

२४/
याच वर्षी एक कायदा झाला, त्याची चर्चा कमी झाली. २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या अनुसूचीत ‘आरोग्य माहिती व्यवस्थापन आणि आरोग्य माहितीशास्त्र व्यावसायिक’ हा स्वतंत्र वर्ग आला. पाटील, कुळकर्णी, देवी डॉक्टर, ग्रामसेवक, नर्सबाई, रेकॉर्डरूमचा कारकून या सर्वांनी दुसरे काम सांभाळत जे केले, ते आता स्वतःच एक शिकण्याचा आणि पात्रतेचा व्यवसाय ठरले. आरोग्य माहिती तंत्रज्ञानाचे शिक्षण घेणारे मिरज, सांगली, कराड, सातारा येथील तरुण नव्या क्षेत्रात शिरत आहेत असे म्हटले जाते. त्यांच्यामागे दीडशे वर्षांहून मोठी परंपरा उभी आहे, हे अभ्यासक्रमात सहसा येत नाही.

२५/
जुन्या नोंदी मात्र निवृत्त झालेल्या नाहीत. ७ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयानंतर निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तपासायच्या कागदांत जन्म-मृत्यूची नोंदवही, म्हणजे जुना गाव नमुना १४, ठळक होता. अनेक ठिकाणी लोक त्यालाच ‘कोतवाल बुक’ म्हणतात. साथीचे मरण मोजण्यासाठी भरलेल्या वहीतील जातीचा रकाना शतकानंतर आरक्षणाच्या प्रश्नात पुरावा झाला आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. लिहिणाऱ्याला याची कल्पना असणे शक्य नव्हते. नोंद ज्या हेतूने लिहिली जाते, त्याच हेतूपुरती ती राहत नाही.

२६/
म्हणूनच आजच्या प्रशिक्षणात गोपनीयतेला मोठे स्थान हवे. दप्तरातील कागद एका कपाटात असे. पडद्यावरची नोंद क्षणात कोठेही जाते. एड्स, मानसिक आजार, गर्भपात, क्षय यांतली एक नोंद उघड झाली तर लग्न मोडते, नोकरी जाते, माणूस गावातून उठतो. २०२३ मध्ये व्यक्तिगत डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदा संमत झाला. कायदा शेवटचा अडसर असतो. पहिला अडसर म्हणजे पडद्यासमोर बसलेला शिकलेला माणूस. प्लेगने दिलेला धडा इथे पुन्हा लागू पडतो : भीती बसली की लोक खरे सांगणे थांबवतात, आणि मग सर्वांत महागडी प्रणालीही ‘ताप’ एवढेच लिहू शकते.

२७/
साताऱ्या-सांगलीतील कोणाच्या घरी पणजोबांच्या किंवा पणजीच्या मृत्यूचा जुना दाखला असेल, तर त्यातील कारणाचा रकाना आवर्जून पाहावा. तिथे ‘ताप’ असेल, तर त्या माणसाचे खरे दुखणे आता कोणालाही कळणार नाही. शेजारी वर्ष १८९७ किंवा १९१८ असेल, तर अंदाज तेवढा बांधता येईल. आज केसपेपर काढताना खिडकीमागे बसलेली व्यक्ती जे लिहील, ते शंभर वर्षांनी असेच कोणीतरी वाचणार आहे. तिला नीट शिकवले गेले असेल, तर त्या वाचणाऱ्याला अंदाज बांधावा लागणार नाही.